राणी केतेवानचे हाड आणि कोकणची दमट हवा

रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतच्या उष्ण, दमट किनाऱ्यावर जुन्या अस्थींमधील डीएनए टिकणे दुरापास्त. तरीही जुन्या गोव्यातील एका हाडाने साक्ष दिली.

१६२४ मध्ये इराणच्या शाह अब्बासने जॉर्जियाची राणी केतेवान हिला शिराझ येथे ठार करविले. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे काही अवशेष १६२७ मध्ये गोव्यात आणले. पोर्तुगीज कागदपत्रांत जागाही नोंदलेली होती. सेंट ऑगस्टिन चर्चच्या भग्नावशेषांत २००४ मध्ये हाताचे हाड सापडले.

परंतु मधल्या शतकांत पाण्याने आपले काम केलेले असते. सायटोसिनचा अमिनो गट गळून त्याचे युरॅसिल होते. ग्वानिनशी असलेली त्याची घट्ट जोडी सैल पडते आणि वाचताना तेथे थायमिन दिसते. अ‍ॅडेनिन व ग्वानिन तर साखळीतून सुटतात आणि धागा तुटतो. जिवंत पेशी ही डागडुजी रोज करते. मृत हाडात ती थांबते. गंमत अशी की, तुकड्यांच्या टोकांशी साचलेली हीच विकृती डीएनए प्राचीन असल्याची खूण ठरते; उत्खनकाच्या ताज्या घामात ती नसते.

हैदराबादच्या सीसीएमबीने पेशीत शेकडो प्रतींनी असणारा मायटोकाँड्रियाचा डीएनए तपासला. मातृवंश निघाला यू१बी : २२,००० हून अधिक भारतीय नमुन्यांत अनुपस्थित, ३० जॉर्जियनांपैकी दोघांत उपस्थित. मातृवंश अनेकींचा समान असतो, म्हणून एकट्या डीएनएवर ओळख पटत नाही. कागदपत्रांची जोड मिळाल्यावरच दावा बळकट होतो.

२०२१ मध्ये या अवशेषांचा एक भाग भारताने जॉर्जियाच्या स्वाधीन केला.