प्रश्न विचारणारी नवरी

आपल्या चळवळीचा इतिहास आपण सभांचा, सत्याग्रहांचा, ठरावांचा आणि मोर्चांचा म्हणून लिहिला. तो तसा लिहिणे भागच होते. ज्यांना इतिहासच नाही असे शतकानुशतके सांगितले गेले, त्यांना आधी आपला सार्वजनिक इतिहास उभा करावा लागतो. पण त्यात एक जागा कोरी राहिली. सभेहून रात्री परतलेला कार्यकर्ता घरी बायकोशी काय बोलला? आज सभेत काय झाले, असे तिने विचारले काय? आणि विचारले असेल तर त्याने सांगितले काय, की ताट वाढ म्हणाला? मी इतिहास शिकवते. वर्गातल्या मुली हाच प्रश्न निरनिराळ्या शब्दांत विचारतात, आणि ‘ही खाजगी बाब आहे’ असे म्हणून मला तो बाजूला सारता येत नाही. जोतीरावांनी तो खाजगी मानला नव्हता.

सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ ची. त्यानंतर तीनच महिन्यांनी, २५ डिसेंबर १८७३ रोजी, सीताराम जबाजी आल्हाट आणि राधा ह्यांचा विवाह सत्यशोधक पद्धतीने झाला. सावित्रीबाईंनी ह्या लग्नात पुढाकार घेतला होता. भटजीवाचून लागलेले लग्न म्हणून आपण ते लक्षात ठेवतो. पुरोहिताची दक्षिणा गेली, त्याची मध्यस्थी गेली, ही गोष्ट लहान नव्हेच. परंतु १८८७ साली जोतीरावांनी मंगलाष्टकांसह पूजाविधीची जी पुस्तिका काढली ती नीट वाचली, तर लग्नाच्या मांडवात आणखी एक गोष्ट घडलेली दिसते. तिच्याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही.

त्या मंगलाष्टकांत नवरी बोलते.

जुन्या लग्नात काय होते? न कळणाऱ्या भाषेतले मंत्र, ते म्हणणारा तिसराच माणूस, आणि अंतरपाटापलीकडे मान खाली घालून उभी असलेली पोर. तिचे दान होत असते. दान केल्या जाणाऱ्या वस्तूला कोणी मत विचारीत नाही. जोतीरावांच्या विधीत वर मराठीत बोलतो, वधू मराठीत उत्तर देते, आणि ते उत्तर साधे होकाराचे नाही. आम्हां बायकांना स्वातंत्र्याचा अनुभवच नाही, तेव्हा स्त्रियांचे हक्क त्यांना देशील अशी शपथ आधी घे, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. मग वराने त्या हक्कांसाठी झटण्याची ग्वाही द्यायची. एका बाईच्या हक्कापुरती ही मागणी नाही, साऱ्या स्त्रीजातीच्या वतीने ती एका पुरुषाला जाब विचारते, आणि तेही चारचौघांत, वऱ्हाडासमोर. लग्न म्हणजे दोन बोलणाऱ्या माणसांनी केलेला करार, ही कल्पना शेतकरी-कारागिरांच्या मांडवात जोतीरावांनी अशी उभी केली.

हे त्यांना कोठून सुचले ह्याचा शोध मी ग्रंथांत घेत नाही, त्यांच्या घरात घेते. सावित्रीबाईंच्या समग्र वाङ्मयात (१९८८) त्यांची जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रे आहेत. ती पुन्हा पुन्हा वाचावीत अशी आहेत. पहिले १० ऑक्टोबर १८५६ चे, नायगावचे. सावित्रीबाई आजारी होऊन माहेरी आलेल्या. भाऊ त्यांची शुश्रूषा करतो आहे, पण महार-मांगांसाठी काम करून तुम्ही दोघे वाळीत पडलात, जातीच्या रूढीप्रमाणे वागा, असेही तो सुनावतो आहे. ह्या वादात आपण भावाला काय उत्तर दिले हे त्या नवऱ्याला कळवतात. पुण्यात सगळे काम एकट्या फातिमावर पडले असेल, तिला त्रास होत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, हेही त्या लिहितात. तब्येत, भाऊ, शाळा, मैत्रीण हे सारे एकाच पत्रात आहे. घरचे वेगळे आणि कामाचे वेगळे अशी फाळणी नाही.

दुसरे पत्र २९ ऑगस्ट १८६८ चे, तेही नायगावचेच. ते मी दरवर्षी वर्गात सांगते. गणेश नावाचा ब्राह्मण गावोगाव पंचांग सांगत फिरणारा. त्याचे शारजा ह्या महार मुलीशी प्रेम जमले, तिला दिवस गेले. गावाने दोघांना पकडले, मारहाण करीत त्यांची धिंड काढली, जिवे मारण्यापर्यंत गोष्ट आली. सावित्रीबाई धावत गेल्या, सरकारी कायद्याने काय शिक्षा होईल ह्याचा धाक घालून त्यांनी जमाव थोपवला. दोघांनी गाव सोडावे असे ठरले, आणि ह्या जोडप्याला आपण तुमच्याकडे पाठवीत आहोत, असे त्या जोतीरावांना लिहितात. विचार करा, १८६८ साली एक बाई आपल्या नवऱ्याला दुसऱ्या एका जोडप्याच्या जातीबाहेरच्या प्रेमाबद्दल लिहिते आहे, पोटुशी मुलीबद्दल लिहिते आहे, आणि तो त्यांना दारात उभे करील की नाही अशी शंका तिच्या मनाला शिवत नाही. नवराबायकोतला विश्वास म्हणतात तो हा. १८७७ च्या एप्रिलमधले तिसरे पत्र ओतूरहून, दुष्काळाचे आहे. तेथेही त्या आज्ञा मागत नाहीत, केलेल्या कामाचा वृत्तांत देतात.

मूल होत नाही म्हणून दुसरे लग्न करण्याचा आग्रह जोतीरावांनी मानला नाही, हे चरित्रांतून सर्वांना ठाऊक आहे. पुढे ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका’त त्यांनी, पुरुष दोन-तीन बायका करतो तसे बाईने दोन-तीन नवरे करून घरी आणले तर चालेल काय, असा उलटा प्रश्न घातला. हे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, १८९१ मध्ये आले. दरम्यान १८८२ मध्ये ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’त हाच उलटा प्रश्न फार कडक जिभेने विचारला होता. त्यावर गदारोळ उठला तेव्हा ताराबाईंची बाजू जोतीरावांनी घेतली.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. आमच्याकडे बाई कामाला जाते, काडीमोड होती, पाट लागत होता, म्हणून आमची बाई सवर्णांच्या बाईपेक्षा मोकळीच होती, असे आपले काही विचारवंत म्हणतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धेच. काडीमोडीचा निवाडा देणाऱ्या पंचांत बाई बसत नसे. आणि बेबीताई कांबळे ह्यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या सासुरवासाचे जे चित्र काढले आहे, पळून गेलेल्या सुनेला धरून आणून तिच्या पायात लाकडी खोडा घालीत ते, कोणत्या मोकळेपणात बसवायचे? गावाने आपल्याला वेशीबाहेर ठेवले हे खरे. आपण मात्र वेशीबाहेरसुद्धा एक वेस घातली.

बाबासाहेबांनी ही वेस ओळखली होती. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. घटस्फोटाचा हक्क कायद्याने मिळावा, बहुपत्नीत्वाची चाल बंद व्हावी, असे ठराव तेथे बायकांनी केले. लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्यासमोर उभे राहावे, त्याची मैत्रीण व बरोबरीची म्हणून हक्क सांगावा, गुलाम होण्यास नकार द्यावा, अशा अर्थाचे बाबासाहेब त्या परिषदेत बोलले. १८८७ ची नवरी आणि १९४२ ची ही मुलगी एकाच कुळातल्या आहेत. हिंदू कोड बिल रखडवले गेले, बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले, आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने एकपत्नीत्व व घटस्फोट देशभर आले. मुंबई प्रांतात ते १९४६ व १९४७ च्या कायद्यांनी आधीच आले होते. म्हणजे परिषदेतल्या बायकांनी जे मागितले ते कागदावर तरी मिळाले.

परंतु बरोबरीने बोलण्याचा हक्क कोणत्या कलमात घालणार?

धर्मांतरानंतर आपला विवाहविधी बदलला. सिगालोवाद सुत्तावर आधारलेल्या पाच-पाच प्रतिज्ञा वधूवर घेतात. वराची एक प्रतिज्ञा पत्नीचा अवमान न करण्याची आहे, एक घरचा कारभार तिच्या हाती सोपवण्याची. अर्थ थोर आहे. पण आज मांडवात काय ऐकू येते? बौद्धाचार्य ध्वनिक्षेपकावर एक ओळ म्हणतात, नवरदेव ती पुटपुटतो. नंतर तिच्या पाच ओळी, त्या ती पुटपुटते. दोघेही तिसऱ्याच्या मागून बोलतात. ती त्याला काही विचारीत नाही, तो तिला काही उत्तर देत नाही. शपथ राहिली, संवाद गेला. विधी आपण फुले-आंबेडकरांच्या नावाने करतो, तेव्हा ही उणीव बोलून दाखवण्यात अनादर आहे असे मला वाटत नाही.

बेबीताईंचीच गोष्ट घ्या. फलटणच्या आपल्या छोट्या दुकानात, सामान बांधून आलेल्या रद्दी कागदांवरचा मजकूर वाचीत वाचीत ही बाई लिहिती झाली. आणि आपले लेखन तिने वीस वर्षे नवऱ्यापासून, घरच्यांपासून लपवून ठेवले. इंग्रजी अनुवादासोबत २००८ मध्ये छापलेल्या मुलाखतीत त्यांनी हे स्वतः सांगितले आहे. संशयापायी झालेल्या मारहाणीबद्दलही त्यात त्या बोलल्या आहेत. पुस्तकात त्यांनी स्वतःच्या संसाराचे हे दुःख जवळजवळ येऊ दिले नाही, समाजाचे तेवढे लिहिले. आपण त्या पुस्तकाचा गौरव केला. ते पुस्तक ज्या कोपऱ्यात, जुन्या कागदांखाली दडवून लिहावे लागले त्या कोपऱ्याची चर्चा केली नाही. एका कार्यकर्त्याच्या घरात एका बाईला वीस वर्षे ‘मी लिहिते’ एवढे वाक्य नवऱ्यापुढे उच्चारता येऊ नये, ह्यापेक्षा आपल्या सामाजिक इतिहासाचे मोठे साधन कोणते?

आणि रमाई. त्यांना पंढरपूरला जायचे होते, आणि जे पंढरपूर आपल्याला दाराशी उभे करीत नाही तेथे कशाला, आपण दुसरे पंढरपूर उभे करू, असे बाबासाहेबांनी त्यांना सांगितले, ही हकीकत आपण दर जयंतीला ऐकतो. ती बाबासाहेबांच्या उत्तरासाठी सांगितली जाते. रमाईंना काय हवे होते, ते त्यांनी बोलून दाखवले होते, नवऱ्याच्या मताविरुद्ध असूनही बोलून दाखवले होते, ह्यासाठी कोणी सांगत नाही. आपल्या भाषणांतली रमाई फक्त सोसते. तिच्या सोसण्याचा दाखला देऊन किती कार्यकर्त्यांनी आपापल्या बायकांची तोंडे बंद केली आहेत, हे त्या बायकांना विचारावे.

म्हणून माझ्या ओळखीच्या मुलामुलींच्या लग्नात मी एक आग्रह धरते. त्रिशरण, पंचशील, प्रतिज्ञा झाल्या की नवरीने नवऱ्याला आपल्या शब्दांत एक प्रश्न विचारावा. बहुतेक मुली लाजतात. कोणाची आई मध्ये पडते, कोठे मुहूर्त नसतानाही मुहूर्ताची घाई निघते. मागे एका लग्नात मात्र मुलीने ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि विचारले, माझी परीक्षा बाकी आहे ती मी देणार, आणि नोकरी लागली तर पगाराचे पासबुक माझ्याजवळ राहील काय? नवरदेवाने आधी वडिलांकडे पाहिले. मग तिच्याकडे पाहून ‘राहील’ म्हणाला. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत. मागे बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईने शेजारणीला विचारले, काय म्हणली ती? शेजारणीने तिला सगळे पुन्हा सांगितले, मोठ्याने.