कारण : वडिलांची विनंती

शाळा सोडल्याचा दाखला वरून खाली वाचत गेलं, की तळाशी तो रकाना येतो. त्याआधी नाव, जात, जन्मगाव, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रगती आणि वर्तणूक (ती बहुतेकांची ‘चांगली’च असते). मग ‘शाळा सोडण्याचे कारण’. इथे मुख्याध्यापक दोन-तीन शब्दांत आटोपतात. ‘वडिलांच्या विनंतीवरून.’ ‘सतत गैरहजर.’ दाखला पुढे तहसील कचेरीत जातो, जात पडताळणीला जातो, नोकरीच्या अर्जाला जोडला जातो. पण हा रकाना कुणी वाचायला थांबत नाही.

वडील शाळेत येऊन जे बोलतात, ते दाखल्यावर कधी उतरत नाही. ‘गुरुजी, पोराचं नाव कमी करा,’ एवढंच म्हणायचं असतं. गुरुजींनी खोदून विचारलंच, तर ‘घरी जरा अडचण आहे’. अडचण या शब्दात काय काय बसतं! शेरडं राखायला माणूस नसणं, पाळण्यातलं भावंड सांभाळायला कुणी नसणं, पोरीचं लग्न ठरणं, सावकाराकडे चाकरीला लावलेलं पोर. गुरुजींना हे सगळं ठाऊक असतं, बापालाही माहीत असतं की गुरुजींना ठाऊक आहे. रजिस्टरात मात्र विनंती उरते.

मुलानं शाळा का सोडली, हा प्रश्न फार जुना नाही. पंतोजींच्या गावठी शाळेत मुलानं शाळा ‘मध्येच’ सोडली असं म्हणायची सोयच नव्हती. पाढे पाठ झाले, मोडी गिरवून झाली, हिशेब जमायला लागला, की वाण्याचा मुलगा दुकानात बसे. मध्य आणि शेवट ठरायला आधी इयत्ता लागतात. त्या आल्या सरकारी शाळांबरोबर. १८५४च्या वुडच्या खलित्यानंतर, १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षण खातं उभं राहिलं आणि पट, हजेरी, तपासणीला येणारे डिपोटी ही यंत्रणा गावोगाव पोचत गेली. शाळेतून मूल गेलं, तर कुठे गेलं, याचं उत्तर आता कुणाला तरी द्यावं लागणार होतं.

त्याआधीचं एक उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १८३८च्या सुमारास पुण्यात गोविंदराव फुल्यांनी आपल्या मुलाला शाळेतून काढलं आणि मळ्यात कामाला लावलं. दुकानातल्या कारकुनानं त्यांना सांगितलं होतं, की शिकून पोरगा शेतीच्या कामाचा राहणार नाही. शेजारचे मुन्शी गफ्फार बेग आणि लिजिट साहेब मध्ये पडले नसते, तर जोतीराव १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत गेले नसते. पुढे ऑक्टोबर १८८२मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना याच जोतीरावांनी बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, अशी मागणी केली. ज्याला स्वतःला काढलं गेलं होतं, त्यानं ती केली, हे ध्यानात ठेवण्याजोगं आहे.

सक्ती आली, की कारणाला कायदेशीर वजन येतं. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्ती करून पाहिली आणि १९०६मध्ये ती संस्थानभर लावली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्तीच्या आणि मोफत शिक्षणाचा कायदा केला. मूल शाळेत न पाठवणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळच्या मजुराला रुपया ही थट्टा नव्हती. या दोन संस्थानांतल्या सक्तीच्या मधल्या काळात, १९११मध्ये, गोपाळ कृष्ण गोखल्यांनी केंद्रीय कायदेमंडळात शिक्षणसक्तीचं विधेयक आणलं होतं. त्यातली एक तरतूद आजही वाचण्यासारखी आहे : आजारपणाबरोबरच घरची निकड आणि शेतीचा हंगाम हीसुद्धा मूल शाळेत न येण्याची रास्त कारणं मानली होती. बापाची ‘अडचण’ कायद्याच्या भाषेत लिहून काढणारा गोखल्यांइतका सावध माणूस विरळा. मार्च १९१२मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी विधेयक पडलं.

शाळा सोडणाऱ्यांची मोजदाद पुढे झाली. १९२९च्या हारटॉग समितीनं दाखवून दिलं, की १९२२-२३ साली पहिलीत असलेल्या शंभर मुलांमागे १९२५-२६मध्ये चौथीत जेमतेम अठरा होती. याला ‘गळती’ म्हणू लागले. शब्द सोयीचा आहे, पण त्यात मूल आपोआप ठिबकून गेल्यासारखं वाटतं. कुणी काढलं, कुणी हाकललं, कुणाला बसू दिलं नाही, ते सगळं त्यात वाहून जातं. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठ्यांची शाळा दीड दिवसात संपली. जातीवरून मिळालेली वागणूक त्यामागे होती. असल्या मुलाच्या नावापुढे रजिस्टरात ‘सतत गैरहजर’ यापलीकडे काही लिहिलं जाण्याची शक्यता फार कमी.

आपल्याकडे प्रवेशाची नोंद मात्र जपली जाते. साताऱ्याच्या शाळेच्या रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी लागलं. २०१७पासून तो दिवस राज्यात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. तसा तो पाळावाच. शाळा सुटल्याच्या नोंदींना असा दिवस नाही.

काही शिक्षकांनी कारण लिहिण्याऐवजी त्याच्यावर इलाज शोधला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर पाहिलं, की पोरं गुरांमागे जातात. मग शाळाच कुरणात नेली. तिला नाव पडलं कुरणशाळा. वीटभट्ट्यांवर भोंगाशाळा, साखर कारखान्यांच्या तळावर साखरशाळा, ही त्याच वाटेवरची पुढची पावलं. बीडकडची जोडपी दिवाळीच्या आगेमागे कोयता घेऊन निघतात, ती उन्हाळ्यातच परततात. तेवढ्या दिवसांत त्यांच्या मुलांचं नाव बहुधा गावच्या पटावरच असतं. दाखला कुणी मागत नाही, विनंतीही कुणी करत नाही. १ एप्रिल २०१०पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्यानं प्राथमिक शिक्षण पुरं होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ऊसतोडीला नेणाऱ्या टेम्पोला मात्र तो कायदा आडवा येत नाही.

इकडे जुन्या जनरल रजिस्टरांना अचानक मान आला आहे. इतर मागासवर्गाच्या पडताळणीत १३ ऑक्टोबर १९६७पूर्वीची नोंद लागते, म्हणून आजोबांचा दाखला शोधायला माणसं शाळेत खेटे घालतात. २०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीनं कुणबी नोंदी शोधायला घेतल्या, तेव्हा शाळांच्या जीर्ण रजिस्टरांची, त्यातल्या मोडी अक्षरांचीही पानं उलटली गेली. सगळ्यांचं बोट जातीच्या रकान्यावर. तीच पानं उघडताना शेवटच्या रकान्याचीही नक्कल उतरवून ठेवावी, गावातल्या वयस्कर माणसाला ती वाचून दाखवावी, आणि ‘वडिलांच्या विनंतीवरून’ म्हणजे त्या साली काय घडलं होतं, ते विचारून घ्यावं. सांगणारी माणसं अजून आहेत, तोवर.