वाहनांतर्गत संदेशजालाची सुरक्षा
मोटारगाडीतील एंजिन, ब्रेक इ. भागांच्या इलेक्ट्रॉनीय नियंत्रकांना जोडणाऱ्या जालाचे बाह्य हस्तक्षेपापासून संरक्षण. जर्मनीतील बॉश कंपनीने १९८६ मध्ये ‘कॅन’ ही संदेशवहन पद्धती जाहीर केली. तीमुळे तारांचे जंजाळ घटले. पण संदेश कोणी पाठविला, हे पडताळण्याची सोय तीत नव्हती. गाडी बाह्य जगापासून अलिप्त असल्याने ती गरजेची वाटली नाही. पुढे गाड्या बिनतारी जालांशी जोडल्या गेल्या. २०१५ मध्ये अमेरिकेत दोन संशोधकांनी धावत्या जीपची गती दुरूनच खुंटविली, परिणामी सु. १४ लाख वाहने दुरुस्तीस्तव परत बोलाविली गेली. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियमन मंचाने २०२० मध्ये नियम क्र. १५५ संमत केला. भारतात पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनकडे सचिवालय असलेल्या समितीने त्याच धर्तीवर ‘एआयएस-१८९’ मानक हाती घेतले.