नंदीच्या पायथ्याची द्राक्षबाग : आधी चाचणी, मग लागवड



द्राक्ष म्हटलं की आपल्यासमोर नाशिक, सांगली, सोलापूरच्या बागा येतात, आणि मनात असतं ते खायचं द्राक्ष. वाइनचं द्राक्ष हे पीक निराळं. पिण्याची भलामण करण्याचा इथे हेतू नाही. पण एका कुटुंबाने युरोपातली ही शेती आपल्याकडे कशी रुजवली, हा इतिहास बागायतदाराने जरूर जाणून घ्यावा.

बंगळूरच्या उत्तरेला सुमारे ४० किलोमीटरवर, नंदी टेकड्यांच्या पायथ्याला दोड्डबल्लापूर आहे. तिथे कंवल ग्रोव्हर यांनी बाग आणि वाइनचा कारखाना उभा केला. ग्रोव्हर हे उद्योजक. व्यवसायानिमित्त फ्रान्सला जाणं-येणं होतं, त्यातून तिथल्या वाइनची गोडी लागली. फ्रान्समध्ये अनेक घराण्यांकडे बाग आणि वाइनचं तळघर पिढ्यान् पिढ्या एकत्र चालत आलेलं असतं, आणि वाइनचा दर्जा बागेतच ठरतो असं ते मानतात. ग्रोव्हर यांनी नेमकी हीच गोष्ट उचलली. शँपेन प्रांतातले जाणकार जॉर्ज व्हेसेल यांना त्यांनी सोबत घेतलं.

दोघांनी लागवडीची घाई केली नाही. १९८० नंतरच्या दशकात त्यांनी निरनिराळ्या जागा पाहिल्या, सुमारे ३५ फ्रेंच जाती लावून पाहिल्या. त्यातल्या थोड्याच निवडल्या. काबर्ने सोव्हिन्यों आणि शिराझ या त्यातल्या मुख्य. १९८८ साली कंपनी स्थापन झाली आणि पहिली वाइन बाजारात आली १९९२ साली. म्हणजे पैसा हाती यायला किती वर्षं थांबावं लागलं, ते तुम्हीच मोजा.

आता छाटणीचं पाहा. युरोपात कडक थंडीत वेल झोपतो, म्हणून तिथे हिवाळ्यात एकच छाटणी. आपल्याकडे वेल झोपत नाही. म्हणून नंदीच्या पायथ्यालाही आपल्यासारख्याच दोन छाटण्या कराव्या लागतात : उन्हाळ्यात खरड छाटणी, पावसाळा सरताना फळ छाटणी. तोडणी साधारण फेब्रुवारी-मार्चला. जात फ्रान्सची, पण वेळापत्रक इथल्या हवामानाचं.

अशा कारखान्यात गेलात तर क्रम असा दिसेल. घड चिरडून रस टाकीत जातो. तांबड्या वाइनसाठी साली रसातच ठेवतात, कारण रंग सालीत असतो. यीस्ट रसातल्या साखरेचं अल्कोहोल करतं. आंबताना उष्णता वाढते, म्हणून स्टीलच्या टाक्या गार ठेवतात. काही वाइन पुढे ओक लाकडाच्या पिंपांत मुरते. वाइनच्या द्राक्षाचे मणी लहान, बियांचे, जाड सालीचे. मालाची गोडी आणि रंग टिकावा म्हणून वेलावर घड मुद्दाम कमी ठेवतात.

या ग्रोव्हर कंपनीचं २०१२ साली आपल्या इगतपुरी तालुक्यातल्या एका वाइन कंपनीशी एकत्रीकरण झालं. पण महाराष्ट्रात वाइनच्या द्राक्षाने तोवर एक कडू धडाही दिला होता. २००१ साली राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं. विंचूर आणि पलूस इथे वाइन पार्क ठरले, कारखाने निघाले, लागवड झपाट्याने वाढली. २००८ ची जागतिक मंदी आणि त्याच वर्षीचा मुंबईवरचा हल्ला, यानंतर मागणी घसरली. टाक्या भरलेल्या राहिल्या, द्राक्षाला गिऱ्हाईक मिळेना. हे बियांचं बारीक द्राक्ष खाण्याच्या बाजारात कोण घेणार? कित्येकांनी उभ्या बागा उपटल्या.

म्हणून लागवडीचा विचार असेल तर एवढं करा :

१) खरेदीचा लेखी करार आधी हातात घ्या. जात, दर, साखरेचं प्रमाण, तोडणीची तारीख आणि पैसे देण्याची मुदत त्यात असू द्या.

२) कारखान्याची साठवण किती आणि मागच्या शेतकऱ्यांचे पैसे वेळेवर मिळाले का, हे स्वतः जाऊन विचारा.

३) सगळं रान एकदम गुंतवू नका. थोड्या जागेत जात पारखा.

४) माती-पाणी तपासून खुंट निवडा. पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राचा सल्ला घ्या.

ग्रोव्हरांपाशी थांबायला दुसरा धंदा होता. आपल्यापैकी बहुतेकांची सोसायटीची थकबाकी थांबत नाही, तेव्हा हिशेब आधी कागदावर करा.