गोल्फचा हँडिकॅप

घोड्यांच्या शर्यतींमुळें 'हँडिकॅप' हा शब्द मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांना अपरिचित नाहीं. चपळ घोड्याच्या पाठीवर ओझें अधिक चढवावयाचें, मंद घोड्याच्या पाठीवर कमी, म्हणजे सारे घोडे अखेरच्या खांबापाशीं बरोबरीनें पोंचण्याचा संभव वाढतो. हाच शब्द गोल्फमध्यें गेला आणि तेथें तो एका आंकड्याच्या रूपानें प्रत्येक खेळाडूच्या नांवापुढें येऊन बसला. तो आंकडा कोणी आणि कोणत्या हिशेबानें बसविला, तें आज सांगावयाचें आहे.

दोन असमान गड्यांनीं एकत्र खेळावें कसें, हा प्रश्न आपल्याकडेही जुनाच. मुलांच्या खेळांत धाकट्याला लिंबूटिंबू ठरवितात. बुद्धिबळांत मुरलेला खेळाडू वजीर काढून ठेवून नवशिक्याशीं बसतो. कुस्तीच्या फडांत मात्र सवलत नसते, तेथें जोड पाहूनच लावतात. गोल्फमध्यें जोड पाहण्याचें कारण पडत नाहीं. प्रत्येकजण आपापला चेंडू मारीत जातो. अठरा खळग्यांत, म्हणजे होलांत, तो घालण्यास किती फटके लागले तेवढेंच मोजावयाचें. ज्याचे फटके कमी तो जिंकला. तेव्हां दुबळ्या गड्याच्या बेरजेंतून कांहीं फटके वजा केले कीं सामना बरोबरीचा! किती वजा करावे, यावर मात्र तीन शतकें वाद चालला.

एडिंबरो येथें वैद्यक शिकणाऱ्या टॉमस किनकेड याच्या १६८७ सालच्या रोजनिशींत हा वाद प्रथम भेटतो. जेवणानंतर हा तरुण विचार करीत बसला कीं, समोरचा गडी कमजोर असेल तर खेळ सारखा ठेवून पैजेचे पैसे कमीजास्त करावे, कीं पैज सारखी ठेवून खेळांतच त्याला सूट द्यावी? पुढच्या साऱ्या इतिहासानें त्याचा दुसरा पर्याय उचलला.

हँडिकॅप हा शब्द त्यावेळीं गोल्फमध्यें आलेला नव्हता. इंग्लंडांत त्या नांवाचा अदलाबदलीचा एक खेळ होता. एकाची भारी वस्तू, दुसऱ्याची हलकी. हलकीच्या मालकानें वर किती पैसे द्यावे तें पंच सांगे. मग दोघेही टोपींत हात घालीत आणि सौदा मान्य कीं अमान्य हें मुठीच्या खुणेनें कळवीत. दोघांचा कौल सारखा पडला तर टोपींतील पणाचे पैसे पंचाचे! अर्थात् दोघांनाही सारखाच वाटेल असा भाव सांगण्यांत पंचाचा स्वार्थ असे. सॅम्युएल पीप्स यानें १६६० सालीं लंडनच्या एका मद्यगृहांत हा खेळ खेळल्याची नोंद केली आहे. टोपींतल्या हातावरून बनलेला हा शब्द पुढें घोड्यांच्या शर्यतींत गेला, आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोल्फनें तो उचलला. तोंपर्यंत गोल्फमधील सूट आपसांत ठरे: कोणाला दर तिसऱ्या होलास एक फटका, कोणाला एकाआड एक. परस्परांस ओळखणाऱ्यांत एवढें पुरे.

परंतु आगगाडीमुळें खेळाडू परगांवच्या मैदानावर जाऊं लागले आणि घोटाळा झाला. प्रत्येक क्लब आपल्या उत्तम खेळाडूस 'स्क्रॅच', म्हणजे सूट नको असलेला, मानी आणि बाकीच्यांस त्याच्याशीं ताडून पाही. एका क्लबचा हा मानकरी दुसऱ्या क्लबांत मध्यम ठरे. सामाईक माप हवें होतें. तें पुरुषांच्या आधीं स्त्रियांनीं निर्माण केलें, ही गोष्ट गोल्फच्या गप्पांत क्वचितच ऐकूं येते. १८९३ सालीं ब्रिटनमध्यें लेडीज गोल्फ युनियन स्थापन झाली. तिच्या पहिल्या चिटणीस इसेट पिअर्सन या विजेतेपदाच्या पहिल्या दोन्ही वर्षीं अंतिम सामन्यांत हरल्या होत्या. मैदानोमैदानीं लागू पडेल अशी हँडिकॅपची पद्धत या संस्थेनें थोड्याच वर्षांत चालू केली. पुरुषांच्या ब्रिटिश संघटनांना तशी योजना अमलांत आणण्यास १९२६ साल उजाडलें.

अमेरिकेंत न्यू जर्सीच्या लेटन काल्किन्स यानें १९०५ सालीं दुसरा एक मुद्दा लावून धरला. हँडिकॅप काढावयाचा तो नेहमींच्या खेळावरून नव्हे, तर खेळाडूच्या उत्तम खेळावरून. त्यासाठीं उत्कृष्ट तीन डावांची सरासरी धरावी. १९११ सालीं तेथील राष्ट्रीय संस्थेनें याच तत्त्वावर पद्धत घालून दिली. हें तत्त्व ठाऊक नसल्यामुळें पुष्कळ खेळाडू उगाच खिन्न होतात. हँडिकॅप म्हणजे सरासरी नव्हे, हातून होऊं शकेल त्याचें माप. चारपांच डावांत एखाद्या वेळीं त्याला पोंचलें तरी ठीकच चाललें म्हणावयाचें.

तरीही एक अन्याय राहिलाच. मैदानाची कठीणता उत्तम खेळाडूच्या दृष्टीनें मोजीत. परंतु अवघड मैदानावर उत्तम खेळाडूचे दोन फटके वाढले तर सामान्याचे आठ वाढतात. अमेरिकन नौदलांतील डीन नूथ यानें १९७९ च्या सुमारास ही तफावत गणितांत बसविली. आलेखावरील रेषेच्या चढावरून तिला 'स्लोप' म्हणतात. तो ५५ पासून १५५ पर्यंत असूं शकतो आणि प्रमाण मैदानाचा ११३ धरतात. १९८७ पासून ही रीत अमेरिकेंत सर्वत्र लागू झाली. २०२० सालीं जगांतील सहा निरनिराळ्या पद्धती मोडून जी एक जागतिक पद्धत केली, तिचा पायाही हाच.

हिशेब असा. एका मैदानाचा दर, म्हणजे स्क्रॅच खेळाडूस तेथें अपेक्षित फटके, ७१.२, स्लोप १२८. एखाद्यानें तेथें ९२ फटके घेतले. वजाबाकी २०.८, तिला ११३ नें गुणून १२८ नें भागलें कीं १८.४. मैदान अवघड म्हणून एवढी गय. असे शेवटचे वीस डाव घेऊन त्यांतील उत्तम आठांची सरासरी काढतात. बाकीचे बारा डाव हिशेबांत नाहींत. ही सरासरी १८.४ आली असें समजूं. त्याच मैदानावर उतरतांना हिशेब उलटा करावयाचा: १८.४ गुणिले १२८ भागिले ११३, म्हणजे २०.८, मैदानाचा पार ७२ असल्यास दर त्याहून ०.८ कमी, म्हणून सूट २० फटक्यांची. प्रत्येक होलास एक, आणि सर्वांत अवघड ठरविलेल्या दोन होलांस दोन दोन. उद्यां हाच गृहस्थ सोप्या मैदानावर गेला, दर ६८.५, पार ७० आणि स्लोप १००, तर त्याला अवघे १५ फटके मिळतील.

पंचाची जागा अशी गणितानें घेतली. मनुष्यस्वभाव मात्र तोच राहिला. कांहींजण मुद्दाम वाईट खेळून आंकडा फुगवितात आणि बक्षिसाच्या दिवशीं चमकतात. म्हणून एका होलावर हिशेबांत किती फटके धरावे याला मर्यादा आहे: पारपेक्षां दोन अधिक, शिवाय त्या होलाची सूट. आपल्या आंकड्याहून सात फटके सरस डाव कोणी टाकला तर त्याचा आंकडा लगेच एकानें उतरवितात, दहा सरस असेल तर दोनानें. आणि कितीही रडगाणें गाइलें तरी वर्षभरांतील नीचांकापेक्षां पांचाहून अधिक वर तो चढूं देत नाहींत.