वाटणीचे गणित

संशोधनप्रकल्पांच्या विषयांची यादी फलकावर लागली की नांदेड-लातूरकडील पदव्युत्तर वर्गांत मोठी धांदल उडते. विषय मोजके, आणि त्यांतील एकदोहोंवरच सर्वांची नजर. तेव्हाच्या औरंगाबादेस १९५८ साली विद्यापीठ निघाले, नांदेडास स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली. घरातील पहिलाच पदवीधर असा मुलगा आज आमच्या वर्गात बसतो तो या दोन घटनांमुळे. परंतु विषय वाटावयाची आमची रीत जुनीच राहिली. गुणानुक्रमे एकेकास बोलवावे व उरलेल्यांतून त्याने निवडावे. एका वर्षी अखेरचा मुलगा आत आला तो यादीकडे न पाहताच म्हणाला, "सर, राहिलेला कोणता तेवढा सांगा." तेव्हापासून ही रीत आम्हास टोचू लागली.

वाटणीचा हा प्रश्न गणिताच्या इतिहासात मोठ्या मौजेने सुटलेला आहे. माणसे आणि कामे यांची सांगड कशी घालावी, हे कोडे रॉबर्ट थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० साली लेखरूपाने मांडले. सर्व वाटण्या लिहून काढाव्या व त्यांतील उत्तम निवडावी, असे कोणी सुचवील. पण दहा मुले व दहा विषय घेतले तरी वाटण्या ३६,२८,८०० होतात.

हॅरल्ड कून हा तरुण गणिती १९५३ साली डेनेश कोनिग या हंगेरियन पंडिताचा ग्रंथ वाचीत होता. त्यात येनो एगरवारीच्या १९३१ मधील एका निबंधाचा उल्लेख त्यास आढळला. निबंध हंगेरियन भाषेत, आणि कूनला ती भाषा येत नव्हती. त्याने हॅवरफर्ड कॉलेजच्या ग्रंथालयातून कोश व व्याकरण आणले आणि निबंधाचे स्वतः भाषांतर केले. बावीस वर्षांपूर्वीच्या त्या निबंधात त्याच्या प्रश्नाची किल्ली निघाली! १९५५ साली आपली रीत प्रसिद्ध करताना त्याने तिला स्वतःचे नाव न देता 'हंगेरियन पद्धती' म्हटले. पुढे एकविसाव्या शतकात उमगले की, १८५१ साली वारलेल्या याकोबीच्या लॅटिन टिपणांत जवळजवळ हीच युक्ती होती. मराठीत शास्त्र लिहून कोण वाचणार, असे विचारणाऱ्यांस आम्ही ही हकीकत सांगत असतो.

पद्धती शाळकरी मुलासही करता येईल. मुले ओळींत, विषय स्तंभांत, आणि चौकटीत पसंतीचा क्रमांक लिहावा. प्रत्येक ओळीतून तिच्यातील लहानात लहान अंक वजा करावा. मग स्तंभांतूनही तसेच करावे. प्रत्येक ओळीत व स्तंभात एकेक स्वतंत्र शून्य निवडता आले की वाटणी झाली. न आल्यास सर्व शून्ये कमीत कमी रेघांनी झाकावी, उघड्या अंकांतील सर्वांत लहान अंक उघड्या अंकांतून वजा करावा, दोन रेघा जेथे छेदतात तेथे मिळवावा, आणि पुन्हा पाहावे.

तीन विषय घेऊ: किल्लारीचा १९९३ चा भूकंप, लातुरास २०१६ साली मिरजेहून पाणी आणणारी आगगाडी, आणि गोदावरीचे पाणी. पहिल्या मुलाची पसंती किल्लारी, गोदावरी, आगगाडी. दुसऱ्याची किल्लारी, आगगाडी, गोदावरी. तिसऱ्याची आगगाडी, किल्लारी, गोदावरी. गुणानुक्रमे वाटल्यास पहिल्यास पहिली पसंती, दुसऱ्यास दुसरी, तिसऱ्यास तिसरी, बेरीज सहा. पहिल्यास गोदावरी, दुसऱ्यास किल्लारी व तिसऱ्यास आगगाडी दिली, तर बेरीज चार, आणि दुसऱ्या पसंतीखाली कोणीच जात नाही.

पहिला मुलगा मात्र विचारील, "मी अभ्यास केला, मग माझीच पसंती का डावलता?" त्याचे म्हणणे अगदीच चूक नव्हे. शिवाय तो चतुर असेल तर गोदावरी मुद्दाम तिसरी लिहील. मग पाचाच्या बेरजेच्या दोन वाटण्या समसमान ठरतात व त्यांतील एकीत किल्लारी त्याच्या पदरी पडते. गुणानुक्रमाच्या रीतीत खोटे लिहून काहीच लाभत नाही, हा तिचा गुण मान्य केलाच पाहिजे. मार्गदर्शकांसही आपापली पसंती असते तेव्हा प्रश्न निराळा होतो. गेल व शॅप्ले यांनी १९६२ साली तो सोडविला, आणि त्या परंपरेतील कार्याबद्दल शॅप्लेस रॉथसह २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

बेरीज लहान करणे हे गणिताचे काम; कशाची बेरीज करावयाची हे मात्र आम्हा शिक्षकांनीच ठरवावयाचे. केवळ बेरजेवर भिस्त ठेवली तर नऊ मुलांच्या सुखासाठी दहाव्यास शेवटचा विषय पत्करावा लागणेही संभवते. म्हणून आम्ही आधी सर्वांत निराश होणाऱ्याची पसंती शक्य तितकी वर आणतो, मग उरलेली बेरीज कमी करतो, आणि बरोबरी झाल्यास गुण पाहतो. सगळे कोष्टक यादीशेजारीच फलकावर लावतो. गेल्या खेपेस पहिल्या क्रमांकाच्या मुलीस दुसरी पसंती मिळाली. तिने फलकापुढे उभे राहून वहीत सर्व वजाबाक्या पुन्हा करून पाहिल्या, आणि एका ओळीतील आमची चूक दाखविली. उत्तर बदलले नाही.