गोळी, गुठळी आणि घराणे

दिवाळीत घरातली माणसे एकत्र आली, की फराळाच्या ताटाबरोबर जुन्या आठवणीही वाढल्या जातात. त्यातल्या गोड तेवढ्याच आपण निवडून घेतो. गेल्या भाऊबीजेला मात्र माझ्या नातीने एक वेगळीच आठवण मागितली. नुकतेच लग्न झालेली ही मुलगी पाळणा लांबवण्याच्या गोळ्या मागायला डॉक्टरीणबाईंकडे गेली होती. बाईंनी चिठ्ठी लिहिण्याआधी तिला घरचा इतिहास विचारला. म्हणून ती माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आजी, आपल्याकडे कुणाच्या पायात रक्ताची गुठळी झाली होती का गं?"

मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याचे कारण शेवटी सांगेन. आधी हा प्रश्न वैद्यांच्या तोंडी आला कसा, त्याची हकीकत सांगते. कारण तो येण्यासाठी तीस-पस्तीस वर्षे लागली आहेत.

नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत संततिनियमनाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. अमेरिकेच्या मार्गारेट सँगर तीस आल्या होत्या, आणि तेथे जन्मलेल्या जागतिक संघाची धुरा त्यांनी व आपल्या लेडी धन्वंती रामा राव यांनी मिळून उचलली. पुढच्याच वर्षी, जून १९५३ मध्ये, सँगरबाई आपल्या धनाढ्य मैत्रीण कॅथरिन मॅकॉर्मिक यांना घेऊन वूस्टरजवळ ग्रेगरी पिंकस या संशोधकाकडे गेल्या. एक बाई त्र्याहत्तर वर्षांची, दुसरी सत्त्याहत्तर वर्षांची! स्वतःला ज्याचा काडीचा उपयोग नाही, अशा गोळीसाठी या दोन वृद्धांनी कंबर कसली. पैसा मॅकॉर्मिकबाईंचा, प्रयोगशाळा पिंकस यांची आणि वैद्यकी बोस्टनच्या डॉ. जॉन रॉक यांची.

१९५६ साली पोर्तो रिको बेटावर गोळीची मोठी चाचणी सुरू झाली. तिची देखरेख करणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी स्पष्ट कळवले, की गोळी गुणकारी खरी, पण तिचे इतर त्रास फार आहेत. पिंकस यांना त्या तक्रारी बव्हंशी मनाच्या वाटल्या. १९६० साली 'एनोव्हिड' या नावाने गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली. तिच्यात इस्ट्रोजेन जातीचे द्रव्य १५० मायक्रोग्रॅम होते. आजच्या नेहमीच्या गोळीत ते २० ते ३५ असते. आपल्या सरकारी 'माला-डी'त ३० आहे. यावरून त्या काळच्या मात्रेची कल्पना यावी.

नोव्हेंबर १९६१ मध्ये इंग्लंडच्या सफोक परगण्यातील जॉर्डन नावाच्या एका साध्या गावडॉक्टराचे पत्र 'लॅन्सेट' साप्ताहिकात छापून आले. गर्भाशयाच्या अस्तराच्या दुखण्यासाठी हीच गोळी घेणाऱ्या एका परिचारिकेच्या फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकली होती. एका रोग्यावरून सिद्धांत होत नाही, हे खरे. पण पहिली घंटा वाजवली ती या पत्राने. तिचा आवाज आकड्यांत उमटायला १९६८ साल उजाडले. इनमन आणि व्हेसी या इंग्रज संशोधकांनी हिशेब मांडला: २० ते ३४ वयाच्या, गोळी न घेणाऱ्या स्त्रियांत गुठळीने दरसाल लाखात ०.२ मृत्यू होत, तर घेणाऱ्यांत १.५, पस्तिशीच्या पुढे हेच आकडे ०.५ आणि ३.९. डिसेंबर १९६९ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने पन्नास मायक्रोग्रॅमहून अधिक इस्ट्रोजेनच्या गोळ्या टाळण्याचा सल्ला दिला.

१९७० साली अमेरिकेत सिनेटर नेल्सन यांनी या प्रश्नाची जाहीर सुनावणी ठेवली. साक्षीला मोठमोठे तज्ज्ञ आले. गोळी खाणारी एकही बाई बोलावली नव्हती. तेव्हा प्रेक्षकांतल्या तरुण स्त्रियाच उठून उभ्या राहिल्या आणि 'आम्हाला का सांगितले नाही?' असा जाब विचारू लागल्या. त्याच वर्षी तिकडे गोळीच्या पाकिटात धोक्याची सूचना देणारा कागद घालण्याचे ठरले.

पण एक कोडे उरलेच. लाखो बायका गोळी घेतात, मग गुठळी हिलाच का?

त्याचे उत्तर दुसऱ्याच वाटेने येत होते. रक्त वाहते राहावे म्हणून निसर्गाने त्याच्या गोठण्याला लगाम घातले आहेत. १९६५ साली नॉर्वेच्या एगेबर्ग यांनी एका कुटुंबात अँटिथ्रॉम्बिन नावाचा लगाम पिढीजात ढिला असल्याचे दाखवले. पुढे प्रोटीन सी, प्रोटीन एस हेही लगाम सापडले. १९९३ साली स्वीडनमधील माल्मोच्या डालबॅक यांना असे रक्त आढळले, की प्रोटीन सी पुरेसे असूनही ते त्याला दाद देत नव्हते. १९९४ साली हॉलंडमधील लायडेनच्या बर्टिना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण हुडकले: पाचव्या गोठण-घटकाच्या आनुवंशिक लेखात एकच अक्षर बदललेले! गावावरून त्या दोषाला 'फॅक्टर फाइव्ह लायडेन' हे नाव पडले.

त्याच वर्षी लायडेनलाच दोन्ही वाटा एकमेकींना मिळाल्या. दोष नाही आणि गोळीही नाही, अशा तरुण स्त्रियांत गुठळी दरसाल लाखात ८ जणींना. नुसती गोळी असेल तर ३०. नुसता दोष असेल तर ५७. आणि दोन्ही असतील तर २८५! ही साधी बेरीज नव्हे. गोळीतले इस्ट्रोजेन गोठण्याची द्रव्ये वाढवते आणि प्रोटीन एस घटवते. ज्या घोड्याचा लगाम आधीच सैल, त्यालाच नेमका चाबूक बसतो.

म्हणून कुणी गोळीला विष समजू नये. त्या २८५ जणी सोडल्या, तर लाखातल्या बाकीच्या त्या वर्षी सुखरूपच असतात. आणि गर्भारपणात व बाळंतपणानंतर गुठळीचे भय गोळीपेक्षाही अधिक. लायडेनचा दोष आपल्याकडे युरोपपेक्षा कमी आढळतो. पण इतर लगामांचा ढिलेपणा आपल्याही घराण्यांत आहेच. सरसकट सर्वांचे रक्त तपासावे, असेही वैद्यक सांगत नाही. ते आधी एक प्रश्न विचारते: घरात कुणाला झाले होते का? दोष असल्याचे ठाऊक असेल, तर इस्ट्रोजेनची गोळी टाळावी. तांबीसारखे दुसरे उपाय आहेत. मात्र त्या प्रश्नाला घराने खरे उत्तर दिले पाहिजे.

माझी धाकटी बहीण १९७२ साली, बाळंतपणाच्या बाराव्या दिवशी गेली. डावा पाय सुजून खांबासारखा झाला होता. बायका शेकत होत्या. मग एकाएकी धाप लागली आणि घटकाभरात सारे संपले. दृष्ट लागली, म्हणाले. पुढे तिचे नावही घरात कुणी काढीनासे झाले. तीन वर्षांनी दुसऱ्या मुलाच्या वेळी माझाही पाय तसाच सुजला. डॉक्टरांनी गुठळी सांगितली आणि सहा महिने रक्त पातळ करण्याचे औषध दिले. मी ते लेकीलादेखील सांगितले नव्हते. उगीच भीती कशाला, असे मनाला समजावले होते.

त्या भाऊबीजेला मी नातीला दोन्ही हकीकती सांगितल्या. तिने सालासकट कागदावर उतरवून घेतल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात तो कागद डॉक्टरीणबाईंच्या हाती दिला. तपासणीत काय निघाले, ते तिचे तिच्यापाशी. चिठ्ठीवर गोळी मात्र आली नाही. दुसरा उपाय आला.

आपण मुलींना लग्नात दागिने देतो, पाककृतींच्या वह्या देतो. यंदाच्या दिवाळीत घरातल्या वडीलधाऱ्या बायकांनी ही एक आठवणही द्यावी. धाकटीचा फोटो मी पुन्हा भिंतीवर लावला आहे.